तीन सीझन पर्यटकांना पाण्याखाली नेतोय, आता स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय

देवबागच्या एका २३ वर्षांच्या मुलाने विचारलंय: "घरची होडी आहे. तीन सीझन मालवणात पर्यटकांना स्कूबा करवतोय. हजाराच्या वर माणसं माझ्या हातून पाण्याखाली जाऊन आली. माझ्याकडे कार्ड मात्र फक्त ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं आहे. इन्स्ट्रक्टर व्हायला किती दिवस लागतील? खर्च किती? इंग्रजी कच्चं आहे, तरी जमेल का? एक जण म्हणाला, दोन महिन्यांत होतं."

दोन महिन्यांत होत नाही. तुझ्यासाठी मी दीड वर्ष धरीन. मधे दोन पावसाळे आले तर दोन वर्षं. मी चौदा वर्षं शिकवतोय, त्यातली सहा अंदमानात आणि बाकीची याच किनाऱ्यावर. माझी सुरुवातही तुझ्यासारखीच झाली, पर्यटकाच्या टँकचा व्हॉल्व्ह मागून धरून. त्यामुळे तुझ्यापाशी काय आहे आणि काय नाही, हे मला बऱ्यापैकी दिसतंय.

आधी तुझ्यापाशी काय आहे ते. घाबरलेला माणूस कसा दिसतो, हे तुला कुणी शिकवायला नको. डोळे मोठे होतात, हात मास्ककडे जातात, श्वास भराभर चालतो. शहरातून थेट कोर्सला आलेल्या मुलांना हे ओळखायला वर्ष लागतं. गढूळ पाणी, उधाण, वाऱ्याची दिशा हे तुझ्या अंगात भिनलेलं आहे. ही मोठी शिदोरी आहे.

पण त्या हजार बुड्या लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, चालतील असं समजू नकोस. तू ज्या डाइव्ह मारल्यास त्या चार-पाच मीटरवर, दहा-पंधरा मिनिटांच्या, त्याच एका खडपावर, आणि सगळं लक्ष पुढच्या माणसाकडे. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात प्रशिक्षणाची डाइव्ह म्हणजे बहुतेक वेळ ५ मीटर किंवा त्याहून खोल आणि निदान २० मिनिटं (किंवा १४०० लिटर हवा वापरलेली). शिवाय पुढच्या टप्प्यांवर खोल डाइव्ह, रात्रीची डाइव्ह आणि होकायंत्रावर दिशा धरून केलेली डाइव्ह यांचा अनुभव मागतात. आपल्या किनाऱ्याजवळच्या खडपांवर ३० मीटर मिळत नाही. त्यासाठी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानात जावं लागेल. स्वतःसाठी, स्वतःच्या जोडीदाराबरोबर, नीट आखून मारलेल्या डाइव्ह तुझ्याकडे किती आहेत ते मोज. माझा अंदाज आहे, वीसही भरणार नाहीत. काम करताना डाइव्ह मारणं वेगळं आणि डाइव्हर म्हणून वाढणं वेगळं. तीन सीझन सलग काम केलेल्या मुलांमध्ये हा खड्डा मी नेहमी पाहतो. टँक धरून तरंगायला जमतं, पण हात-पाय न हलवता एका जागी स्थिर राहता येत नाही, कारण पर्यटकाचं वजन हाच त्यांचा नांगर झालेला असतो.

आता पायऱ्या. मी पाडीचंच सांगतो, कारण माझं सगळं त्यात झालं. एसएसआयसारख्या इतर संस्थांचीही रचना साधारण अशीच आहे, नावं वेगळी. ओपन वॉटरनंतर ॲडव्हान्स्ड, ज्यात ३० मीटरपर्यंत जायला शिकतोस. मग रेस्क्यू डाइव्हर, आणि त्याच्याबरोबर प्रथमोपचार व सीपीआरचं प्रशिक्षण, जे पुढच्या प्रत्येक टप्प्याला २४ महिन्यांच्या आतलं असावं लागतं. मग डाइव्हमास्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टरचा मदतनीस: वय १८ पूर्ण, सुरू करताना ४० डाइव्ह, पूर्ण करताना ६०. मग इन्स्ट्रक्टर डेव्हलपमेंट कोर्स, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात. त्याला बसायला ६० डाइव्ह आणि डाइव्हर होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. आणि शेवटी परीक्षा, म्हणजे आयई, जिला १०० डाइव्ह लागतात. सहा महिन्यांची ही अट शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. तुझ्या कार्डाला तीन वर्षं झाली, तुला ती आड येत नाही. तुला आड येईल तो १०० चा आकडा, आणि तो गाठताना तू काय शिकलास ते.

रेस्क्यूचा कोर्स घाईत उरकू नकोस. माझ्या मते सगळ्या शिडीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी तीच आहे. तोवर तू स्वतःपुरता विचार करतोस, तिथून दुसऱ्याचा करायला लागतोस.

डाइव्हमास्टरमध्ये पहिल्यांदा अंगाची परीक्षा होते. ४०० मीटर पोहणं, काहीही न लावता. साडेसहा मिनिटांच्या आत केलंस तर पाचपैकी पाच गुण, १३ मिनिटांच्या वर गेलास तर एक. मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स लावून ८०० मीटर, हात न वापरता. थकलेल्या डाइव्हरला १०० मीटर ओढत नेणं. १५ मिनिटं पाण्यात तरंगत राहणं, शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर. आपल्याकडची मुलं समुद्रात वाढलेली, त्यांना वाटतं हे तर सोपं. पण आपलं पोहणं मान वर काढून, दम खात, लाट पाहून पोहण्याचं असतं. चारशे मीटर न थांबता तालात पोहायची सवय नसते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा मिनिटांच्या वर वेळ लागला होता. दोन महिने रोज सकाळी पोहून तो नऊच्या आत आणला.

मग येते साहित्याची अदलाबदल. दोन डाइव्हर पाण्याच्या तळाशी एकच रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारी नळी) आळीपाळीने तोंडात घेतात, आणि त्याच वेळी मास्क, फिन्स, बीसीडी (टँक बांधलेलं, हवा भरायचं जॅकेट) सगळं एकमेकांचं उतरवून अंगावर चढवतात. रोज कोण कुणाचं बीसीडी अदलून घालतो? यात कौशल्य फारसं मोजत नाहीत. डोळ्यांपुढे अंधार, तोंडात हवा नाही, आणि समोरचा अजून पट्ट्याशी झटतोय, अशा वेळी तू त्याला घाई करतोस की थांबतोस, हे पाहतात. माझ्या जोडीदाराने चौथ्या श्वासानंतर रेग्युलेटर परत द्यायला जरा उशीर केला. मी हिसकावून घेतला. वर आल्यावर आमचे ट्रेनर फक्त एवढंच म्हणाले, "तुझा विद्यार्थी असता तर?" आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.

आणि ती २४ कौशल्यं. मास्कमधलं पाणी काढणं, मास्क पूर्ण काढून परत लावणं, सुटलेला रेग्युलेटर शोधणं, हवा संपल्यावर जोडीदाराची घेणं, पाण्याखाली वजनाचा पट्टा काढून घालणं वगैरे. तुला यातली बहुतेक येतात. पण येणं आणि दाखवता येणं यात अंतर आहे. दाखवताना प्रत्येक हालचाल सुटी करायची, हळू करायची, मधे थांबायचं, समोरच्याच्या नजरेच्या कोनात करायची. आमच्या एका ट्रेनरने आम्हाला मास्क काढायला दीड मिनिट लावायला लावलं होतं: पट्टा धरला, थांबा. मास्कची वरची कड बोटांनी दाबली, थांबा. नाकातून हवा सोडायला लागलो, बुडबुडे दिसू देत, थांबा. कारण पाण्याखाली तुला बोलता येत नाही. तुझे हात हाच तुझा आवाज. भरभर केलंस तर तू कितीही सफाईने केलंस तरी समोरच्याला काही दिसत नाही.

आयडीसीमध्ये तुझं डाइव्हिंग कुणी शिकवत नाही, ते येतंच असं धरलेलं असतं. दहा दिवस ते दोन आठवडे शिकवणं शिकवतात: वर्गात धडा कसा घ्यायचा, उथळ पाण्यात कौशल्य कसं शिकवायचं, समुद्रात कसं तपासायचं. सहउमेदवारच विद्यार्थी बनतात आणि ट्रेनर त्यांना चोरून चिठ्ठी देतो, कोण कुठली चूक मुद्दाम करणार याची. ती चूक तुला दिसली पाहिजे, वेळेत थांबवता आली पाहिजे आणि त्याला नीट समजावता आली पाहिजे.

माझ्या वाट्याला सुटलेला रेग्युलेटर शोधण्याचा धडा आला होता. स्विमिंग पूल, चार जण गुडघ्यांवर बसलेले. मी दाखवलं, मग एकेकाला इशारा केला. तिसऱ्याने रेग्युलेटर सोडला, उजवा खांदा खाली झुकवला, हात मांडीपासून मागे नेत गोल फिरवला, नळी बरोबर दंडावर आली, रेग्युलेटर तोंडात, एक फुंकर, श्वास. अगदी सुबक. मी त्याच्याशी हात मिळवला आणि पुढच्याकडे वळलो. वर आल्यावर ट्रेनरने विचारलं, "रेग्युलेटर बाहेर असताना त्याच्या ओठांतून बुडबुडे येत होते का?" मला सांगता येईना. मी त्याचा हात पाहत होतो. त्याच्या चिठ्ठीत "श्वास रोखून धर" एवढंच लिहिलेलं होतं. त्या धड्यात मला पाचपैकी एक गुण मिळाला, आणि तो योग्यच होता.

इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण सगळ्या स्कूबाचा पहिला नियम हाच आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड बंद असेल तर ती जागा फुप्फुस फाडून घेते. आणि हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, म्हणजे जिथे आपण पर्यटकांना नेतो तिथेच. चार मीटर म्हणजे काय खोल, असं समजणाऱ्या प्रत्येकाने हे रोज सकाळी आठवावं. विद्यार्थ्यांना मी एक बाटली दाखवतो. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, बूच काढलेली, तोंड खाली करून सोबत घेऊन जायची. १० मीटरवर ती निम्मी पाण्याने भरलेली दिसते, २० मीटरवर हवा एक तृतीयांश उरते. वर येताना हवा पुन्हा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. एकदा पाहिलं की विसरत नाहीत.

यात आपल्या भाषेचा एक धोका आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आपण धीर देताना काय म्हणतो? "दम धर." होडीवर एक बाई घाबरल्या होत्या, मदतीला असलेला मुलगा चांगल्या मनाने म्हणाला, "ताई, दम धरा, काही होत नाही." त्यांनी खरंच दम धरला. गाल फुगवून खाली गेल्या. मी समोर होतो, बुडबुडे थांबलेले दिसले, छातीवर हात ठेवून श्वास सोडायची खूण केली. त्यांनी सोडला. दोन मीटरच खाली होतो आणि वर जायला लागलो नव्हतो, म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून आमच्या होडीवर "दम धर" हे शब्द कुणी उच्चारत नाही. आम्ही म्हणतो, "श्वास चालू ठेवा." तसंच अंगठ्याचं. आपण "छान" म्हणायला अंगठा वर करतो, पाण्याखाली त्याचा अर्थ "वर जायचंय." ब्रीफिंगमध्ये मी हे तीनदा सांगतो आणि तीनदा करून घेतो.

म्हणून इंग्रजीच्या प्रश्नाचं माझं उत्तर दोन भागांत आहे. पुस्तकं, परीक्षा, नियमावली, ट्रेनरचं बोलणं हे सगळं इथे तुला इंग्रजीतच करावं लागेल, आणि त्याला पर्याय शोधत बसू नकोस. पण ते साहित्यिक इंग्रजी नाही. शब्द दोन-अडीचशे, आणि त्यातले निम्मे तू होडीवर रोज वापरतोस. वर्गात धडा घेताना वाक्यं लहान ठेव. व्याकरण चुकलं तर गुण जात नाहीत, मुद्दा सुटला तर जातात. आणि दुसरा भाग: उद्या तुझ्यासमोर जे येणार आहेत ते कोल्हापूर, नगर, नागपूरचे. त्यांना बॉइलचा नियम, म्हणजे तेच बाटलीतल्या हवेचं गणित, मराठीत समजावता येणारे इन्स्ट्रक्टर आहेतच किती? ते तुझं बळ आहे.

थिअरीचे पाच भाग असतात: भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, साहित्य, कौशल्यं व सागरी परिसर, आणि डाइव्ह टेबल, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहायचं याचा तक्ता. प्रत्येकात ७५ टक्के लागतात. नियमावलीचा पेपर वेगळा, तो पुस्तक उघडून लिहायचा. मुलं भौतिकशास्त्राला भितात, म्हणून एक गणित करून दाखवतो. १५० किलोची वस्तू समुद्राच्या तळाशी आहे आणि तिने ६० लिटर पाणी बाजूला सारलंय. ती तरंगती करायला लिफ्ट बॅगमध्ये, म्हणजे वजन वर उचलायच्या पिशवीत, किती हवा भरायची? समुद्राचं पाणी लिटरला १.०३ किलो. ६० लिटरचं वजन ६१.८ किलो, तेवढा आधार पाणी आधीच देतंय. उरले ८८.२ किलो. त्याला १.०३ ने भाग, साधारण ८५.६ लिटर. बस. दहावीच्या विज्ञानाच्या पलीकडे यात काही नाही. तुझ्या आजोबांनी नांगराला किती मोठा फ्लोट बांधायचा हे अंदाजाने ठरवलं असेल, तेच तू आकड्यांत करतोयस.

परीक्षा दोन दिवसांची. घेणारा परीक्षक संस्थेकडून बाहेरून येतो, ज्याने तुला शिकवलं तो नाही. म्हणून "हमखास पास" असं सांगणारी जाहिरात दिसली की तिथून परत फिर. पेपर होतात, वर्गातला एक धडा, उथळ पाण्यातला एक, समुद्रातले दोन, निवडक कौशल्यांचं प्रात्यक्षिक आणि एक रेस्क्यू: पाण्यावर बेशुद्ध पडलेल्या डाइव्हरला ओढत नेताना दर पाच सेकंदांनी कृत्रिम श्वास द्यायचा, आणि त्याच वेळी त्याचं आणि स्वतःचं साहित्य उतरवायचं. हाताने बकल उघडताना डोक्यात मोजणी चालू राहिली पाहिजे. आम्ही महिनाभर पुळणीवर कोरड्यात केलं, मग पाण्यात. कोरड्यात सराव करायला लाज वाटून घेऊ नकोस.

आणखी एक काम फक्त इन्स्ट्रक्टरचं असतं, त्याचा आवाका लोकांना कळत नाही. हवा संपली आणि जोडीदार लांब असेल तर एकाच श्वासावर, "आऽऽ" असा आवाज काढत वर कसं यायचं, हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून ६ ते ९ मीटरवरून करून घ्यावं लागतं. एका वेळी एकच विद्यार्थी. एका हातात दोर, दुसऱ्या हातात त्याचं बीसीडी, आणि कान त्या "आऽऽ" कडे. आवाज थांबला की तिथेच त्याला थांबवायचं. चार विद्यार्थी म्हणजे तू चार वेळा वर-खाली. कानांवर आणि शरीरावर याचा ताण पडतो, म्हणून दिवसाच्या आखणीत हा भाग कुठे ठेवायचा याचा विचार आदल्या रात्री करावा लागतो.

तब्येतीचं थोडक्यात. डॉक्टरची सही असलेलं, १२ महिन्यांच्या आतलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. दमा, फिट, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा शिरून ते मिटल्याचा इतिहास, कानाच्या पडद्याचा त्रास यांतलं काही असेल तर लपवू नकोस. सीझनमध्ये सर्दी असताना डाइव्ह मारायची सवय आपल्याकडे फार आहे. नाकात थेंब टाकून खाली जायचं, औषधाचा परिणाम खालीच उतरायचा आणि वर येताना कान अडकायचे. माझा डावा कान असाच एकदा गेला होता, सहा आठवडे पाण्यात पाऊल टाकता आलं नाही. त्या सहा आठवड्यांची कमाई एका दिवसाच्या सुट्टीपेक्षा किती जास्त होती, ते तूच मोज.

खर्च लाखांच्या घरात जातो, हे धरून चाल. नेमका आकडा कुठे आणि कधी करतोस त्यावर आहे, म्हणून मी देत नाही. पण विचारताना हे सुटं सुटं विचार: कोर्सची फी, पुस्तकांचा संच, परीक्षेची फी आणि नोंदणीची फी. शेवटच्या दोन बहुधा थेट संस्थेला भराव्या लागतात आणि जाहिरातीतल्या आकड्यात नसतात. प्रथमोपचाराचा इन्स्ट्रक्टर होणंही वेगळं, त्याशिवाय मुख्य प्रमाणपत्र हाती येत नाही. स्वतःचं साहित्य लागेल, निदान मास्क, फिन्स, रेग्युलेटर, बीसीडी आणि डाइव्ह कॉम्प्युटर. पुढे दरवर्षी सभासदत्वाचं नूतनीकरण आणि विमा. विमा टाळू नकोस. सही तुझी असते तेव्हा जबाबदारीही तुझी असते. डाइव्हमास्टर होईपर्यंतचा पैसा काम करत करत सुटू शकतो, बऱ्याच सेंटरवर कामाच्या बदल्यात शिकवतात. तसं करणार असशील तर काय काम, किती दिवस, त्या बदल्यात नेमकं काय, हे आधी लिहून घे. माझं एक अख्खं वर्ष टँक भरण्यात आणि होडी धुण्यात गेलं आणि शिकवणं "पुढच्या महिन्यात" होत राहिलं. कागद नव्हता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

कुठे करावं? तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत प्रशिक्षणासाठी बांधलेला खोल तलाव आहे, घराजवळ आहे, तिथे विचारून ये. डाइव्हमास्टरचा मोठा भाग मात्र मी स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला कर असं सांगीन. तिथे खोली मिळते, प्रवाह मिळतो, स्वच्छ पाणी मिळतं, आणि देशोदेशीचे इन्स्ट्रक्टर काम करताना पाहायला मिळतात. थायलंडच्या को ताओलाही आपली बरीच मुलं जातात. स्वस्त पडतं आणि वर्षातला बराच काळ सुरू असतं, पण रोज इतके कोर्स चालतात की गर्दीत हरवायला होतं. आयडीसी कुठे करायचा हे गावावरून ठरवू नकोस, कोर्स घेणारा माणूस पाहून ठरव. त्याचा एखादा धडा बघायला मिळेल का ते विचार. चांगला माणूस नाही म्हणत नाही.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी सांगतो. डाइव्हमास्टर झाल्यावर लगेच आयडीसीला बसू नकोस. निदान एक सीझन डाइव्हमास्टर म्हणून एखाद्या सावध इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली काढ. नियम तशी सक्ती करत नाही, पण मी माझ्या मुलांना करतो. इन्स्ट्रक्टरला समुद्रात ओपन वॉटरचे आठ विद्यार्थी घेता येतात आणि पहिल्यांदाच उतरणारे पर्यटक चार, तेही १२ मीटरपर्यंत. हे आकडे पाणी स्वच्छ आणि शांत असतानाचे आहेत. मालवणात मार्चच्या एखाद्या दुपारी, तीन मीटर दिसत असताना, मी दोनवर येतो. हा निर्णय घ्यायला आणि होडीवर पैसे भरून बसलेल्या माणसांना "तुम्ही पुढच्या फेरीत" असं सांगायला जे लागतं, ते कोर्समध्ये मिळत नाही. कुणीतरी तसं सांगताना तू जवळून पाहिलेलं असावं लागतं.

माझ्या पहिल्या सीझनला अंदमानात नागपूरच्या एक शिक्षिका आल्या होत्या, वय ५२. पहिल्याच दिवशी मास्कमध्ये पाणी घेऊन काढायच्या कौशल्यावर अडल्या. पाणी नाकाशी आलं की ठसका, आणि त्या उभ्या राहायच्या. तीन वेळा झालं. मी पुन्हा दाखवत राहिलो, आणखी हळू, आणखी हळू. चौथ्या वेळी मला सुचलं की माझं दाखवणं थांबवून त्यांना विचारावं. म्हणाल्या, "मी वीस वर्षं प्राणायाम करते हो. नाकाने श्वास घेणं सुटतच नाही." मग मी सगळं बाजूला ठेवलं. कमरेएवढ्या पाण्यात दोघं उभे राहिलो, मास्क काढून हातात, रेग्युलेटर तोंडात, चेहरा पाण्यात. "तोंडाने घ्यायचा, आणि नाकाने चहावर फुंकर मारतो तशी फुंकर." वीस मिनिटं एवढंच केलं. बाकीचे दोन विद्यार्थी डाइव्हमास्टरबरोबर पोहत होते. एकविसाव्या मिनिटाला त्यांनी मास्क लावला, स्वतःहून पाणी आत घेतलं, फुंकर मारली, आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी नऊ मीटरवर मास्क पूर्ण काढून परत लावला. प्राणायाम करणाऱ्यांना मी तेव्हापासून आधीच विचारतो, कारण त्यांच्यात आणखी एक सवय असते, कुंभकाची, श्वास आत धरून ठेवायची. ती आधी सोडवावी लागते.

मे संपला की आपल्या होड्या वर येतील आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र बंद. हे चार महिने वाया घालवू नकोस. जवळच्या तलावात आठवड्यातून चार दिवस ४०० मीटर पोह आणि वेळ वहीत लिही. ओपन वॉटरचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाच, या वेळी प्रत्येक पानावर "हे मी देवबागच्या माझ्या चुलत भावाला कसं सांगेन" असा विचार करून. लॉगबुक नसेल तर नवीन घे आणि ऑक्टोबरपासून दर आठवड्याला निदान एक डाइव्ह फक्त स्वतःसाठी मार, ज्यात कुणाचाही टँक तुझ्या हातात नसेल. त्या डाइव्हमध्ये पाच मीटरवर तीन मिनिटं, हात बांधून, काहीही न धरता स्थिर राहायचं. सुरुवातीला वर-खाली होशील. एक मीटरच्या आत राहायला लागलास की ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यूला नाव घाल.

आणि मास्कमधलं पाणी कसं काढायचं, याचं दोन मिनिटांचं ब्रीफिंग मराठीत लिहून ठेव. होडीवरचं पाठ झालेलं बोलणं नको, स्वतःच्या शब्दांत. सीझन सुरू व्हायच्या आत घेऊन ये, आपण पुळणीवर बसून ते वाचू.